एंजल माशांची अंडी दर वेळी दोन दिवसांत पांढरी पडून गायब होतात. खातंय कोण?

पिकोफॉल (कराड)
१२ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी या छंदातली नाही. टाकी पोराची. पुण्याला शिकत होता तेव्हा एका सुट्टीत सहा एंजल प्लास्टिकच्या पिशवीत घालून एसटीनं घेऊन आला. कोटाच्या बटणाएवढे होते. "आई, मी बघत जाईन." आता तो बेंगळुरूला, आणि मासे कोण बघतंय ते तुम्ही ओळखलंच असेल. मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. मशीन आणि टाकी एकाच खोलीत, त्यामुळं दिवसाचे सात-आठ तास आमची समोरासमोर बैठक असते.

टाकी ३६ इंच लांब, १५ रुंद, १८ उंच. टेपनं मोजलीय, दुकानदाराच्या तोंडचं माप नाही. आत स्पंजचा फिल्टर, १५० वॅटचा हिटर २८ वर लावलेला. पाणी नगरपालिकेचं, बादल्यांत रात्रभर ठेवून दर रविवारी तीन बादल्या बदलते. त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुते. एक सकर आहे, तो काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा, वीतभर झालाय.

सहांतले तीन पहिल्या महिन्यातच गेले. उरलेल्या तिघांतल्या दोघांची जोडी जमली आणि तिसऱ्याला त्यांनी असं बदडायला सुरुवात केली, की बिचारा फिल्टरमागं उभा राहून दिवस काढायचा. शेवटी आमच्या दातांच्या डॉक्टरांना दिला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत चार फुटी टाकी आहे.

राहिलेल्या जोडीची नावं दाजी आणि अक्का. दाजी मोठे, कपाळ जरा पुढं आलेलं, पट्ट्या काळ्या कुळकुळीत. अक्का थोड्या लहान.

गणपतीपासून पाच वेळा अंडी झाली, दर बारा-पंधरा दिवसांनी. टाकीत पोराची पहिलीतली दगडी पाटी आहे, लाकडी चौकट काढून उभी केलेली. दोघं चोचीनं ती दिवसभर घासतात, मग आळीपाळीनं पोट टेकवून खालून वर जातात आणि टीप मारल्यासारख्या अंड्यांच्या ओळी घालतात. नंतर पंखांनी वारा घालत बसतात. दुसऱ्या दिवशी अंडी मधाच्या रंगाची असतात, तिसऱ्या दिवशी पांढरी, आणि चौथ्या दिवशी पाटी कोरी.

शेजारीण म्हणते सकर खातो. पोरगा म्हणतो नवीन जोडी स्वतःच खाते, दे सोडून. पण पाच वेळा? मला एवढंच कळू दे की खातंय कोण आणि थांबवायचं कसं. टाकी कुठल्या दिशेला आहे ते कृपया विचारू नका, घरात तेवढी एकच भिंत मोकळी आहे.

---

तीन बादल्या (डोंबिवली)
१२ नोव्हेंबर, रात्री

ताई, इतकं व्यवस्थित लिहिलेला प्रश्न इथं क्वचित येतो. लोक अंधारात काढलेला एक फोटो टाकतात आणि खाली "अर्जंट".

तुम्ही विचारताय कोण खातंय. मी उलटं विचारतो. अंडी आधी पांढरी पडतात आणि मग नाहीशी होतात, बरोबर? मग खाणं हा रोग नाही, ती साफसफाई आहे. पांढरं अंडं म्हणजे मेलेलं अंडं. त्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर चढते, म्हणून आईबाप पांढरी वेचून खातात. फळलेलं अंडं २८ अंशांना साधारण ६० तासांत फुटतं, तोवर ते मधाच्या रंगाचंच राहतं आणि आत काळसर ठिपका दिसायला लागतो. तुमचं एकही तिथवर पोचत नाही.

म्हणजे मुळात अंडी फळतच नाहीयेत. त्याची कारणं दोन-चार असू शकतात. पाणी फार जड असेल तर, नर कोवळा असेल तर, किंवा तुमच्याच प्रश्नात एक वाक्य आहे ज्यावर मी अडकलोय. त्यावर आत्ता बोलत नाही, आधी तीन गोष्टी बघून सांगा.

एक, टाकीत शिंपले, शंख, पांढरे संगमरवरी खडे असं काही आहे का? असल्यास एखादा बाहेर काढून पुसून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर तो चुन्याचा, पाणी जड करणारा. दगडी पाटी उत्तम, ती फसफसणार नाही. एंजलवाले मुद्दाम स्लेटचे तुकडे शोधत फिरतात, तुमच्या घरात ती पोराच्या दप्तरातून आली.

दुसरं म्हणजे एका वेळची अंडी अंदाजे किती, ते मोजा.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. पुढच्या वेळी अंडी घालायच्या आदल्या दिवशी दोघांच्या पोटाखाली, पुढच्या खालच्या पंखांच्या मागं, एक बारीक नळी बाहेर आलेली दिसेल. दोघांचीही नीट बघा. आकार सांगा.

आणि जाता जाता, तो स्पंज नळाखाली धुणं आजपासून बंद. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात आणि नळाचं क्लोरीन त्यांना मारतं. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस्स. तुमचे पहिले तीन बहुधा याच कारणानं गेले. नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात, आणि आपण दुकानातून टाकी आणि मासे एकाच रिक्षातून आणतो.

---

रंकाळ्याकाठचा (कोल्हापूर)
१३ नोव्हेंबर

ताई, दादांनी सांगितलं ते बरोबरच हाय, पण सकरला एवढ्या सहज सोडू नका. रात्री दिवा बंद झाला की एंजलला काय दिसत नाही, आणि सकर रात्रीचाच फिरतो. माझी दोन खेपेची अंडी त्यानं साफ केली. अंडी असतील तेवढे दिवस खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवा, म्हणजे त्यांना राखण करता येते.

सकर द्यायचा झाला तर दुकानात परत द्या. प्रीतिसंगमावर नेऊन सोडू नका. ही जात दक्षिण अमेरिकेतली, आपल्याकडं तिला खाणारं कोण नाही. आंध्रात तळ्यातळ्यात पसरलीय आणि काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाडते. कापायचा जीव होत नाही म्हणून लोक "बिचाऱ्याला मोकळं केलं" म्हणतात.

---

फक्त_गप्पी
१३ नोव्हेंबर

एंजलच्या नादाला लागू नका. मी निऑन टेट्रा हे चिमुकले मासे बारा त्यांच्यात सोडले होते, सकाळी सातच उरले. गप्पी पाळा, काही न करता पिल्लं होतात.

---

तीन बादल्या (डोंबिवली)
१३ नोव्हेंबर

गप्पीसाहेब, एंजल हा सिक्लिड कुळातला मासा आहे. अमेझॉनच्या संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्यांमध्ये उभ्या पट्ट्यांच्या आडोशानं थांबून राहणारा शिकारी. निऑन त्याच नद्यांच्या खोऱ्यातला आणि नेमका त्याच्या तोंडाच्या मापाचा. रूप देवघरातल्या समईसारखं म्हणून स्वभावही तसाच असेल असं आपण धरतो. त्याच्यात माशाची काय चूक?

---

पिकोफॉल (कराड)
१९ नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. उत्तराला उशीर झाला, कारण लग्नसराई सुरू होतेय आणि अंड्यांचीही वाट बघायची होती.

व्हिनेगरचं केलं. शिंपले नव्हतेच. खडे नदीचे, करडे, फसफसले नाहीत. पाटीही नाही. स्पंज आता बादलीत पिळते. पाणी बघून मला पहिल्यांदा कळलं की मी दर रविवारी काय धुऊन टाकत होते.

काल सकाळी नळ्या दिसल्या. मी भिंग घेऊन बसले, सुईत दोरा ओवायला ठेवलेलं. दोघांच्याही सारख्याच: आखूड, जाड, पुढून बोथट. पेन्सिलीचं टोक मोडल्यावर दिसतं तशा.

दुपारी तीनला सुरुवात झाली. मी मशीन बंद केलं, गिऱ्हाइकाला दारातूनच "उद्या या" सांगितलं आणि खुर्ची ओढून बसले. आधी अक्का गेल्या वर, मागं एक ओळ. मग दाजी गेले. आजवर मी समजत होते, अक्का अंडी घालतात आणि दाजी त्यावरून फक्त फिरतात. काल भिंगातून बघितलं. दाजींच्याही मागं ओळ उठत होती. ताजी, एकेक दाणा.

दाजी अंडी घालतायत हो.

मोजली पण. ओळींचा अंदाज धरून साडेपाचशेच्या पुढं, पाटी पुरली नाही म्हणून हिटरच्या नळीवर सुद्धा.

आता मला काय झालंय ते कळलंय असं वाटतं, पण तुमच्या तोंडून ऐकते.

---

तीन बादल्या (डोंबिवली)
१९ नोव्हेंबर

ताई, तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं: "दोघं आळीपाळीनं पोट टेकवून ओळी घालतात." मी तिथंच थांबलो होतो, पण तुमच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत बोलायचं नव्हतं, नाहीतर तुम्ही मला वेड्यात काढलं असतं.

दोन्ही माद्या आहेत. अंड्यांचा आकडाही तेच सांगतो, दोघींची अंडी एकत्र झालीयेत. मादीची नळी जाड-बोथट, नराची बारीक, टोकदार. एंजलमध्ये नर-मादी ओळखायची भरवशाची खूण ती एवढीच, आणि तीही अंड्यांच्या आगेमागे दोन दिवस दिसते. कपाळ पुढं आलेला तो नर, मोठा तो नर, हे दुकानातले ठोकताळे. पोसलेल्या मादीचंही कपाळ येतं.

नर हाताशी नसला की दोन माद्या जोडी करतात. पाटी घासतात, अंडी घालतात, वारा घालतात, राखण करतात, संसार अगदी पूर्ण करतात. फक्त अंडं फळवणारं कुणी नसतं. तुमच्या दाजींनी कर्तव्यात कसूर केलेली नाही.

पुढं काय? लोक दुकानातून एक मोठा नर आणून थेट सोडतात. ते करू नका. या दोघी पाच खेपा एकत्र राखण केलेल्या, नवख्याला एका रात्रीत फाडतील. पाच-सहा लहान आणून वाढवणं हा शहाणपणाचा मार्ग, पण त्यांना वयात यायला आठ-दहा महिने जातात आणि तीन फुटी टाकीत त्या दोघींबरोबर त्यांचा निभाव लागणं कठीण.

तिसरी वाट तुम्हीच लिहून ठेवलीय. डॉक्टरांकडचा तिसरा. तो नरच असेल असं मी म्हणत नाही. मार खाणारा नर असतो असं काही नाही, तो फक्त जोडीबाहेरचा असतो. पण दोन वर्षांचा, त्याच पाण्यात वाढलेला आणि फुकटचा आहे. नाणं उडवून बघायला हरकत नाही. आणलाच तर मध्ये जाळीचा पडदा लावा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला त्या दोघी. पंधरा दिवस नुसतं बघू द्या.

---

रंकाळ्याकाठचा (कोल्हापूर)
२० नोव्हेंबर

ताई, नाव बदलू नका. दाजी ते दाजीच.

---

पिकोफॉल (कराड)
५ डिसेंबर

डॉक्टरांकडं नुसतं मासा मागायला कसं जायचं, म्हणून दाढ दाखवायला गेले. दाढेत खरंच कीड निघाली, तो वेगळा खर्च. माशाचा विषय काढल्यावर डॉक्टर म्हणाले, न्या, पण बदल्यात एक द्या, पेशंटची पोरं त्याच्याकडं बघत गप्प बसतात. मी हो म्हणून आले. कुणाला द्यायचं ते ठरलं नाही.

पडदा मीच केला. लोकरीचं भरतकाम करतात ती प्लास्टिकची कडक जाळी असते ना, तिचे दोन तुकडे जोडून नायलॉनच्या दोऱ्यानं शिवले, काचेत घट्ट बसेल इतका पाव इंच जास्त ठेवून. मापाचं काम माझं, त्यात चूक नाही.

मासा पिशवीतून आणला. पिशवीचं तोंड उघडं ठेवून अर्धा तास टाकीतच तरंगत ठेवली, मधूनमधून टाकीचं पाणी वाटीनं घातलं. हे सगळं पोरानं फोनवरून सांगितलं, आता त्याला भलताच उत्साह आलाय. सोडताना दिवा बंद.

दोन दिवस दोघी पडद्याला धडका देत होत्या. तिसऱ्या दिवसापासून अक्का कंटाळल्या आणि कोपऱ्यात गेल्या. दाजी मात्र पडद्याजवळच. तो इकडून पंख ताठ करतो, दाजी तिकडून. आडवे होऊन एकमेकांना पट्ट्या दाखवतात. हे भांडण की काय ते मला कळत नाही.

---

तीन बादल्या (डोंबिवली)
५ डिसेंबर

भांडण असतं तर तोंडाला तोंड लावून ढकलाढकली झाली असती. अजून आठवडाभर थांबा. डॉक्टरांना कोण द्यायचं ते आता तो मासाच ठरवेल.

---

पिकोफॉल (कराड)
२७ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लग्नांचे ब्लाउज, त्यात दोनदा लाइट गेली. थंडीत रात्री चार तास हिटर बंद म्हणजे पाणी २३ वर आलं होतं. टाकीला तीन बाजूंनी जुनी गोधडी गुंडाळली. बॅटरीचा हवेचा पंप आता घेऊन ठेवलाय.

तर अक्का १४ डिसेंबरला डॉक्टरांकडं गेल्या. मजेत आहेत, मी दाढेच्या दुसऱ्या फेरीला बघून आले. पडदा त्याच दिवशी काढला. आलेल्या माशाचं नाव अर्थातच "डॉक्टर" पडलं.

१० जानेवारीला पहिली अंडी झाली. या वेळी भिंगातून बघितलं तर दाजींची नळी तीच बोथट, आणि डॉक्टरांची बारीक, पुढं झुकलेली, मशीनच्या सुईसारखी. मी एकटीच खोलीत टाळी वाजवली. पण अर्धी पांढरी पडली, आणि उरलेली चौथ्या दिवशी सकाळी नव्हती. सकर तर मी नोव्हेंबरातच दुकानात परत दिलाय, म्हणजे दाजी-डॉक्टरांनीच खाल्ली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरगा म्हणाला, बघ, मी सांगितलं होतं. कधी नव्हे ते बरोबर निघाला.

२४ तारखेला दुपारी परत घातली. या वेळी झिरोचा बल्ब चालू ठेवला आणि टाकीवर समोरून पडदा टाकला, म्हणजे गिऱ्हाइकांच्या सावल्या पडू नयेत. पंधरा-वीसच पांढरी झाली. काल दिवसभर प्रत्येकात काळा ठिपका दिसत होता. आज पहाटे उठून विजेरी न लावता, बल्बच्याच उजेडात बघितलं तर पाटी हलतेय असं वाटलं. अंडी नव्हती ती. डोकी पाटीला चिकटलेली आणि शेपट्या वळवळतायत, टाचणीच्या डोक्याला धागा लावून सोडावा तशा. दीड-दोनशे तरी असतील. एखादं सुटून खाली पडलं की डॉक्टर तोंडात घेतात, मला वाटलं गिळलं, तर परत पाटीवर नेऊन थुंकून चिकटवतात.

आता पुढचं सांगा. पोरानं पिल्लांना खायला आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांची, अंडी कुरिअरनं पाठवलीत, छोटा डबा. त्याला मिठाचं पाणी लागतं म्हणे. घरात खडेमीठ आहे. चालतं का? आणि आजच करायचं का? एकजण म्हणाल्या उकडलेल्या अंड्याचा बलक घाला.

---

तीन बादल्या (डोंबिवली)
२७ जानेवारी

बलक नको. पिल्लं तो धड खात नाहीत आणि उद्या पाण्याला वास येतो.

आज काहीच घालायचं नाही. त्यांच्या पोटाला पिवळ्या पिशवीत शिदोरी बांधलेली आहे, ती चार-पाच दिवस पुरते. पाटी सोडून ती मोकळी पोहायला लागली की त्या दिवसापासून आर्टेमिया, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. अंड्यातून आर्टेमिया निघायला २४ ते ३६ तास लागतात, म्हणून साधारण परवा संध्याकाळी पहिली खेप लावा.

खडेमीठ चालतं. लिटरला २५ ग्रॅम. सोड्याच्या रिकाम्या बाटलीचा बूड कापून ती उलटी टांगा, झाकणाच्या टोकापर्यंत हवेची नळी सोडा, जोरात बुडबुडे हवेत. पाव चमचा अंडी पुरे. फुटली की हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, कवचं वर तरंगतील, केशरी जिवंत दाणे तळाला उजेडाकडं जमतील. तेवढेच नळीनं ओढून घ्या, दाट विणीच्या कापडातून गाळा, गोड्या पाण्यानं धुवा आणि मगच घाला. कवचं पिल्लांच्या पोटात गेली तर अडकतात.

आईबाप बरोबर ठेवायचे की पाटी उचलून वेगळ्या टाकीत न्यायची, यावर इथं दहा मतं मिळतील. डॉक्टर पडलेलं पिल्लू परत चिकटवतायत म्हणता, तर मी असतो तर या खेपेला त्यांच्यावर सोडलं असतं. फिल्टर स्पंजचा आहे, पिल्लं ओढली जाणार नाहीत. खाल्लीच तर पंधरा दिवसांनी परत पाटी भरतेच.

---

रंकाळ्याकाठचा (कोल्हापूर)
२७ जानेवारी

ताई, दोनशे जगली तर ठेवणार कुठं? पाच-सहा माझी, आत्ताच नोंदवून ठेवतो. कराडला यायचं निमित्त पण झालं.

---

पिकोफॉल (कराड)
२९ जानेवारी

सहा तुमची, लिहून ठेवलं. चार दातांच्या डॉक्टरांची, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

मलमलचे तुकडे माझ्याकडं पोतंभर आहेत, दुहेरी घडी करून घेतली. बाटली आज संध्याकाळी मशीनच्या दिव्याखाली टांगली. पाटीवरची एकही पडलेली नाही, फक्त पुंजका वरच्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात सरकलाय. डॉक्टर सकाळपासून समोरून हललेले नाहीत. दाजी तेवढ्या दाणे खायला वर येऊन गेल्या.